तुम्हीच सांगा ना, काय करू?

जून लागला की पत्रं वाढतात. निकाल, अ‍ॅडमिशन, नोकरीतले बदल, घरातली बोलणी सगळं एकदमच अंगावर येतं. यावेळी चार पत्रं घेतलीत, सगळी थोडक्यात छापलीत. नावं छापत नाही, आणि गावं पण थोडी इकडची तिकडं केलीत कारण आपल्याकडं तालुका आणि पीक सांगितलं तरी लोक घर ओळखतात. नवीन वाचकांसाठी एवढंच सांगते की मी २६ वर्षं नाशिकच्या सातपूरला एका कारखान्यात ट्रेनिंगचं काम बघत होते, जे काही सांगते ते तिथल्या पोरापोरींशी बोलून आलेलं आहे.

प्रश्न: ताई, मी निफाड तालुक्यातला. बी.ए. झाल्यावर २२ व्या वर्षी नाशिकला रूम करून एमपीएससीला लागलो, आता २७ पूर्ण झाली. दोनदा पूर्व परीक्षा निघाली, मुख्य एकदाही नाही. वडलांची अडीच एकर द्राक्षबाग आहे, ते महिन्याला आठ हजार पाठवतात, कधी काही बोलत नाहीत. आई लग्नाचं काढते. मित्र म्हणतात वय ३८ पर्यंत चालतं, अजून ११ वर्षं आहेत, घाबरतो कशाला. सोडू का करू? मला दोन्ही वाटतं. तुम्हीच सांगा ना, काय करू?

उत्तर: तुझं पत्र पाच पानी आहे, इथं थोडकंच छापलंय. मी ते तीनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की त्यात सगळं आहे, रूमचं भाडं आहे, मेसची भाजी आहे, अभ्यासिकेत खिडकीजवळचा १७ नंबरचा टेबल तुझा आहे आणि समोरच्या भिंतीवर तू परीक्षेच्या तारखा पेन्सिलने लिहून नंतर खोडरबरने पुसतोस हे पण आहे, फक्त मार्क कुठंच नाहीत. पाच वर्षांत किती मार्कांनी गेलं ते एकदाही लिहिलं नाहीस. एका ठिकाणी ‘थोडक्यात हुकलं’ एवढंच आहे. मला वाटतं घरी पण तू हेच सांगत असशील, आणि तुझी झोप त्यानंच उडालीय, सोडू का करू यानं नाही.

म्हणून आधी मार्क लिही. कोरा कागद घे, प्रत्येक वर्षाचे तुझे मार्क आणि तुझ्या गटाचा कटऑफ शेजारी शेजारी मांड. पूर्वला सीसॅट, म्हणजे कलचाचणीचा पेपर, आता नुसता ३३ टक्क्यांनी पास व्हायचाय, खरी मारामारी जीएसच्या म्हणजे सामान्य अध्ययनाच्या पेपरला आहे, तर त्या पेपरचे मार्क वेगळे लिही. अंतर दरवर्षी कमी होत आलंय का आहे तिथंच आहे का मागं गेलंय, हे तुला पाच मिनिटांत दिसेल. ते मला कळवायची गरज नाही. वडलांना मात्र दाखव.

वयाचं म्हणशील तर खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ ही मर्यादा अर्ज करता यावा म्हणून दिलीय, तेवढी वर्षं बसून राहावं म्हणून नाही. यूपीएससीला खुल्या गटातून सहाच अटेम्प्ट मिळतात, तिथं पोराच्या मनात असो नसो एक दिवस दार बंद होतं. इथं दार आपलं आपण लावून घ्यावं लागतं आणि ते फार जड जातं. मित्र ११ वर्षं राहिलीत म्हणतात ते प्रेमानं म्हणत असतील पण त्या ११ वर्षांचं भाडं ते भरणार नाहीत.

आता अभ्यासाचं. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झालीय, निबंध, सामान्य अध्ययनाचे चार पेपर, वैकल्पिक विषयाचे दोन असे मिळून १७५० मार्क, आणि मराठी इंग्रजीचे दोन पेपर नुसते पास व्हायचे. तू सुरुवातीची वर्षं गोल काळे करायचा सराव केलास. तुझ्या पत्रात टेस्ट सिरीजचा उल्लेख चार वेळा आलाय, पण हातानं किती उत्तरं लिहिली, कुणाकडून तपासून घेतली, हे नाही आलेलं. जर गेल्या सहा महिन्यांत तू पन्नास उत्तरं पण लिहिली नसशील तर तू अभ्यासिकेत बसतोयस, मुख्यची तयारी करत नाहीयेस, आणि हे मी तुला दुखवायला म्हणत नाही रे, पाच वर्षं घासलेल्या पोराला कुणीतरी हे समोर बसून सांगायला हवं होतं.

माझं मत विचारशील तर एक तारीख ठरव. अजून एकच फेरी, आणि ती पण अर्ध्या दिवसाचं काहीतरी कमवत. यावेळी पूर्व निघाली नाही तर त्याच महिन्यात रूम सोडायची, निघाली तर मुख्यच्या निकालापर्यंत थांबायचं, त्याच्या पुढं नाही. मधे संयुक्त परीक्षा येतात, पीएसआय म्हणजे फौजदार, एसटीआय म्हणजे राज्यकर निरीक्षक, एएसओ म्हणजे सहायक कक्ष अधिकारी, त्याला कमी लेखू नको, साहेबच व्हायचं म्हणून त्या सोडून दिलेली पोरं मी बघितलीत.

वडील काही बोलत नाहीत म्हणून तू जास्त घाबरतोस. पण तो द्राक्षवाला माणूस आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणीला तो हिरवीगार बाग ओलांड्यापर्यंत, म्हणजे वेलीच्या जाड आडव्या फांद्यांपर्यंत कापून काढतो, आणि बाग म्हातारी होऊन घड लागेनासे झाले की पोटच्या पोरासारखी वाढवलेली बाग तोडून डॉगरिजच्या खुंटावर नवीन लावतो. कुठं थांबायचं हे त्याला तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्याला थांबण्याचा त्रास होणार नाही, खोटं बोलल्याचा होईल. महिन्याचे आठ हजार म्हणजे पाच वर्षांचे चार लाख ऐंशी हजार, हा आकडा त्याच्या डोक्यात आहे, तुझे मार्क तेवढे त्याला माहीत नाहीत.

आणि सोडलं तर पुढं काय, यावर तू अर्धी ओळ लिहिलीस, ‘मग शेतीच’. एवढं तोंड पाडून लिहू नको. युरोपला जाणाऱ्या द्राक्षाला आज बागेची नोंदणी, फवारणीची वही, रेसिड्यूचे म्हणजे फळात उरलेल्या औषधाचे रिपोर्ट सगळं लागतं, शेतमालाच्या निर्यातीचं बघणाऱ्या अपेडाची ग्रेपनेट ही ऑनलाइन नोंदणी २००६ पासून चालू आहे आणि कितीतरी शेतकरी अजून ही कागदपत्रं दुसऱ्याकडून भरून घेतात. जीआर वाचून त्यातलं नेमकं कलम काढायची सवय तुला पाच वर्षांत लागलीय. मोहाडीला सह्याद्री या शेतकऱ्यांच्या कंपनीचं काम एकदा जाऊन बघ, पिंपळगावला दोन पॅकहाऊस बघ, तिथं कोण काय काम करतं ते विचार. नोकरी मागायला नको जाऊस, नुसतं बघायला जा. आणि ऑक्टोबरच्या छाटणीला आठ दिवस घरी जा, पुस्तक न घेता.

प्रश्न: ताई नमस्कार. वय ५४, सातपूरला मशीन शॉपमध्ये सुपरवायझर. पोरं मला नाना म्हणतात. आयटीआयची अप्रेंटिस पोरं दरवर्षी येतात आणि काहीबाही विचारतात, नोकरी धरू का शिकू, पुण्याला जाऊ का, लग्नाचं पण विचारतात. तीन वर्षांपूर्वी एकजण म्हणाला, नाना, डिप्लोमाला डायरेक्ट सेकंड इयरला नंबर लागतोय, इथलं सेटरचं, म्हणजे मशीन लावून द्यायचं काम सोडू का. मी ९८ साली काम नाही म्हणून कंपनीनं बसवलं तेव्हा आठ महिने ले-ऑफमध्ये घरी बसलेला माणूस, मी म्हणालो हातचं काम सोडू नको. त्यानं ऐकलं. दीड वर्षात ती लाइन परराज्यात गेली, कॉन्ट्रॅक्टची सगळी पोरं कमी केली, त्यात तो. आता रात्रीची वॉचमनकी करतो. त्याच्या जोडीचा डिप्लोमाला गेला होता, तो चांगल्या ठिकाणी लागला. परवा सातपूरच्या पपया नर्सरी चौकात ते पोरगं समोर आलं आणि मान फिरवून गेलं. तेव्हापासून कुणी विचारलं की मी म्हणतो, तुझं तू बघ बाबा. बरोबर करतोय का मी?

उत्तर: नाही नाना, बरोबर नाही करत. पण तुम्हाला झोप लागत नाही असं तुम्ही खाली लिहिलंय, त्यावरून मला वाटतं तुमच्याइतका या पोरांचा विचार करणारा त्या शॉपमध्ये दुसरा कुणी नसणार, म्हणून तुम्हाला सविस्तर लिहिते.

मी शॉप फ्लोअरवर खूप वेळा बघितलंय, तुम्ही पण बघितलं असेल, पोराला काही बोलायचं असलं की शिफ्ट सुटली तरी तो मशीन सोडत नाही. पुसलेला बेड परत पुसतो, चिप ट्रे झाडलेला असतो तो परत झाडतो. हातातलं कॉटन वेस्ट बघितलं तर पांढरंच्या पांढरं असतं, काही पुसायला उरलेलंच नसतं. तसं कुणी दिसलं की मी पाच मिनिटं तिथंच घुटमळायचे, काही विचारायचे नाही, ऑफसेट कसा घेतला, इन्सर्ट किती जॉबला बदलतोस असं काहीतरी बोलायचे आणि मग ते हळूच यायचं, मॅडम, एक विचारायचं होतं. अशा पोराला ‘तुझं तू बघ’ म्हणालात तर तो घरी जाऊन स्वतःचं स्वतः बघत नाही हो, तो बाहेर टपरीवर त्याच्याच वयाच्या दुसऱ्या पोराला विचारतो.

आता त्या मुलाचं. तुमचं काय चुकलं ते मला तुमच्याच पत्रात दिसलं, तुम्ही ९८ सालाचं त्याच वाक्यात लिहिलंय. त्या पोराने तुम्हाला डिप्लोमाबद्दल विचारलं आणि तुम्ही त्याला तुमचे आठ महिने दिलेत. घरात रॉकेल नाही, दुकानदार उधार देईना, बायकोनं मंगळसूत्र मोडलं, हे सगळं तुम्ही मला लिहिलंय, त्याला नसणार सांगितलं. त्याला फक्त एवढंच ऐकू आलं की नाना म्हणतात सोडू नको, आणि नाना म्हणतात म्हणजे त्यांना माहीत असेल. तुमची भीती खरी होती पण ती माहिती म्हणून त्याच्या हातात पडली. तेव्हा जर तुम्ही म्हणाला असतात की बाबा मी ले-ऑफ झालेला माणूस आहे, मला नोकरी सोडायच्या नावानं पोटात गोळा येतो, त्यामुळं माझं मत तू अर्धंच धर, तर तो दुसऱ्या कुणाला तरी विचारायला गेला असता. कदाचित तरी राहिलाच असता, ते आपल्याला कळायचं नाही. लाइन परराज्यात जाणार हे तुम्हाला काय, तुमच्या मॅनेजरला पण माहीत नसेल, त्याचा दोष तुम्ही अंगावर घेऊ नका.

माझ्या हातून काय झालं ते पण सांगते. २०११ ची गोष्ट, इगतपुरीकडची एक मुलगी बी.एस्सी. करून आमच्याकडं ट्रेनी होती, हुशार, केमिस्ट्रीची. पुण्याला एका लॅबची ऑफर आली, घरचे नाही म्हणत होते, मी घरी जाऊन आईवडलांना समजावलं, पगार, कंपनी, होस्टेल सगळी माहिती काढून दिली. माहिती एकपण चुकीची नव्हती. ती गेली आणि मी पुढच्या पोरांमध्ये गुंतले. दोन वर्षांनी नाशिकरोडला प्लॅटफॉर्मवर पंचवटी एक्सप्रेसची वाट बघताना ती दिसली, कडेवर बाळ होतं, मी हाक मारली तर आधी ती बॅगेत काहीतरी शोधायला लागली. मग कळलं ती चार महिन्यांतच परत आली होती. तिकडं रूमवर एकटी पडली, तापानं आजारी झाली, रजा नव्हती, वरिष्ठ ओरडायचा. मला फोन का नाही केलास विचारलं तर म्हणाली, मॅडम तुम्ही घरी येऊन एवढं सांगितलं होतं, कोणत्या तोंडानं सांगणार. चार महिन्यांत मी एक फोन केला असता तर तिची दुसरी रूम बघून झाली असती, त्याच कंपनीत दुसऱ्या सेक्शनला बदली मागता आली असती. मी नाही केला. तेव्हापासून कुणालाही काही सुचवलं की मी डायरीत तीन महिन्यांनंतरची तारीख टाकते आणि त्या दिवशी फोन करते, समोरच्याने माझं ऐकलं असेल नसेल तरी करते, ज्याने नाही ऐकलं त्याला तर आधी करते, कारण तो स्वतःहून कधीच करणार नाही.

म्हणून नाना, पपया नर्सरीला मान फिरवून गेला त्याच्याकडं तुम्ही जा. माफी मागायला गेलात तर तो बिचारा अवघडून जाईल. काहीतरी कामाचं घेऊन जा. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश असतो, तो रस्ता त्याचा अजून मोकळा आहे, तंत्रशिक्षण संचालनालयाची प्रवेश प्रक्रिया दरवर्षी साधारण या दिवसांतच सुरू होते, तारखा बघून द्या. शिकायचं नसेल तर सेटरचा हात असलेला माणूस वॉचमनकीत का बसलाय हे विचारा, मला वाटतं तो अपमानानं शॉपकडं फिरकत नसेल. अंबडला, सिन्नरला मुसळगाव माळेगावला तुमच्या ओळखीचे दोन सुपरवायझर असतीलच, सोबत घेऊन जा, मोटारसायकलवर मागं बसवून. अप्रेंटिसशिप पूर्ण करून सर्टिफिकेट आलंय का ते पण बघा, कितीतरी पोरं शेवटची परीक्षाच देत नाहीत आणि मग ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यासारख्या ठिकाणी जागा निघाली की कागद नसतो.

आणि त्याचा पीएफ विचारा. ही गोष्ट सगळ्याच पोरांना सांगा कारण दुसरं कुणी सांगत नाही. कॉन्ट्रॅक्टर बदलला की पोरं पीएफ काढून मोबाइल घेतात, सोबत १०सी नावाचा फॉर्म भरून पेन्शनचा भाग पण काढतात. पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते, आणि तो भाग काढला की मागची वर्षं पुसली जातात, परत शून्यापासून. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, एकच ठेवायचा, जुनं खातं नव्यात ट्रान्सफर करायचं, एवढं साधं आहे. २४ वर्षांच्या पोराला पेन्शन म्हणलं की झोप येते, माहितीय मला, तरी सांगायचं.

इथून पुढं कुणी विचारलं तर तुम्ही नका म्हणू ‘हे कर’. आधी त्याला बोलू द्या, पंधरा मिनिटं मधे बोलायचं नाही, तुम्हाला जड जाईल पण जमेल. मग जे माहीत आहे ते सांगा, आणि जे नुसतं वाटतं ते ‘मला असं वाटतं, कारण माझ्यावर असं गुजरलंय’ म्हणून सांगा. आणि कॅलेंडरवर तीन महिन्यांनी त्याचं नाव लिहा. घरच्या दिनदर्शिकेवर लिहा, शॉपमधल्या नको, तिथं पोरं बघतात.

प्रश्न: मी ३९ वर्षांची, २००८ ची बी.ई. इलेक्ट्रॉनिक्स. मोठा मुलगा झाल्यावर नोकरी सोडली त्याला ११ वर्षं झाली. आता दोन्ही मुलं शाळेत जातात. घरचे म्हणतात बी.एड. कर, शिक्षिका बरी, सुट्ट्या जुळतात. मला आता कंपनीत कोण घेणार? बी.एड. करू का?

उत्तर: अगं, तुझ्या अख्ख्या पत्रात शिकवायला आवडतं असं एकदाही आलं नाही. सुट्ट्या जुळतात हे तीनदा आलंय. शिकवायची ओढ असेल तर बी.एड. जरूर कर, पण सीईटी, मग दोन वर्षं, मग अनुदानित शाळेत जायचं तर टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा आणि अभियोग्यता चाचणी, मग भरती निघायची वाट, हे सगळं धरलं तर तू ४३-४४ ला पोचशील. फक्त सुट्ट्यांसाठी हे फार लांबचं आहे.

कंपनीत कोण घेणार म्हणतेस. तू २००८ चीच जागा मागायला गेलीस तर कुणी नाही घेणार, हे खरं आहे. पण नाशिकला स्विचगिअर, मीटर, पॅनल, ट्रान्सफॉर्मरच्या लहान-मोठ्या कंपन्या भरपूर आहेत आणि त्यांना माल पुरवणाऱ्या छोट्या युनिटमध्ये टेस्ट रिपोर्ट, क्वालिटीचे कागद, खरेदी, ग्राहकाचे ड्रॉइंग नीट वाचून मालकाला समजावणं यासाठी माणूस सापडत नाही. पगार सुरुवातीला कमी असेल, तुझ्या शिक्षणाच्या मानानं तर खूपच कमी, आणि ते तुला लागेल. एक वर्ष ते गिळायची तयारी ठेव. बायोडेटात ११ वर्षांची जागा झाकू नको, सरळ लिही मुलं वाढवली. कॉलेजच्या बॅचचा ग्रुप असेलच, त्यात कोण अंबडला आहे बघ आणि आज संध्याकाळी एकाला फोन कर, मेसेज नको, फोन. घरच्यांशी सुट्ट्यांचं बोलणं नोकरी लागल्यावर कर, आत्ता केलंस तर नोकरी शोधायच्या आधीच ती संपेल.

सप्टेंबरमध्ये मला लिही काय झालं ते. नाही लिहिलंस तर मी विचारीन.

प्रश्न: मुलीला दहावीला ९१ टक्के. तिला अकरावी नको, मेकॅनिकल डिप्लोमा करायचा म्हणते, इंजिनीअरिंग करायचंय पण असंच. आमच्या सगळ्या नातेवाइकांत ९० च्या वरचे अकरावी सायन्स आणि क्लास करतात. डिप्लोमा कमी मार्कवाले करतात ना? मुलगी वर्कशॉपमध्ये काय करणार? तिला कसं समजावू?

उत्तर: भाऊ, हिशोब करून बघा. अकरावी-बारावी दोन आणि डिग्री चार, झाली सहा. डिप्लोमा तीन आणि डिग्रीला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश म्हणून तीन, झाली सहाच. वर्ष वाया जात नाही. फरक काय, तर डिग्रीला पहिलं वर्ष न करता गेल्यामुळं गणित जड जातं, डिप्लोमाची हुशार मुलं पण तिसऱ्या सेमिस्टरच्या गणिताला अडखळतात, ते तिला आत्ताच सांगा म्हणजे ती तीन वर्षं गणित धरून ठेवील. आणि जेईई देऊन आयआयटीला जायचं मनात असेल तर मात्र अकरावी-बारावीच केलेली बरी, हे पण तिला स्पष्ट विचारा. तिला माहीत नसेल तर तिची निवड अर्ध्या माहितीवरची होईल.

कमी मार्कवाले डिप्लोमा करतात हे खरं नाही, शासकीय पॉलिटेक्निकला चांगल्या ब्रँचचा कटऑफ बघा म्हणजे कळेल.

राहिलं वर्कशॉपचं. मी बघितलेल्या मुली लेथवर पण उभ्या राहिल्या, फिटिंगला फायलिंग करताना हाताला फोड आले तर दुसऱ्या दिवशी पट्टी बांधून आल्या, एकीनं तर मला तिचा पहिला व्ही-ब्लॉक कागदात गुंडाळून आणून दाखवला होता, कोपरा थोडा वाकडा होता, तिनं काटकोन लावून मला तो कुठं वाकडाय तेच आधी दाखवलं. तुमची काळजी खोटी आहे असं मी म्हणत नाही, पण ती काळजी तुम्ही ज्या वर्कशॉपची करताय ते तुम्ही बघितलेलं नाही. कसं समजावू विचारलंत, तर या आठवड्यात तिला घेऊन नाशिकरोडला सामनगाव रोडच्या शासकीय तंत्रनिकेतनला जा, परवानगी घेऊन वर्कशॉप बघा, तिथं शिकणाऱ्या दोन मुलींशी तिला बोलू द्या आणि तुम्ही थोडं लांब उभे राहा. येताना रस्त्यात काही विचारू नका. घरी आल्यावर ती काय म्हणते ते ऐकून मगच ऑप्शन फॉर्म भरा, आणि फॉर्म भरताना माउस तिच्या हातात द्या.